कापडी पिशवी आणि जाळीची छपाई

दिवाळीच्या पहांटे अंगणांत सडा घालून झाला, कीं घाईंत असलेली गृहिणी ज्या पत्र्याच्या छाप्याचा आश्रय करिते, तो आमच्या सर्व वाचकांनीं पाहिलेला आहे. छाप्यावर रांगोळी घालून हात फिरविला कीं भोंकांतून ती खालीं उतरते आणि क्षणार्धांत कमळ उमटतें. जेथें पत्रा तेथें जमीन कोरी, जेथें भोंक तेथें रांगोळी. 'स्क्रीन प्रिंटिंग' या नांवानें जी छपाई सर्वत्र चालते, तिचें सारें मर्म एवढ्यांत आलें. पत्र्याच्या जागीं जाळी, रांगोळीच्या जागीं शाई आणि जमिनीच्या जागीं कापड, एवढाच काय तो फरक.

जाळी कां लागते, हें समजण्यास एक सोपा प्रयोग पुरे. जाड कागदावर 'व' हें अक्षर काढून तें कापून पाहावें. अक्षराच्या पोटांतील वाटोळा तुकडा तत्काळ गळून पडतो. कारण त्यास धरून ठेवणारें कांहींच उरत नाहीं. जपानी कारागीर किमोनोच्या कापडासाठीं कागदांत अत्यंत नाजूक नक्षी कापीत, आणि असे सुटे तुकडे रेशमाच्या बारीक धाग्यांनीं जागच्या जागीं बांधून ठेवीत. चौकटीवर सबंध रेशमी वस्त्रच ताणून बसविलें, तर ही अडचण मुळांतूनच नाहींशी होते. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनीं १९०७ सालीं अशा पद्धतीचें पेटंट घेतलें. पुढें रेशीम मागें पडून पॉलिएस्टरची जाळी आली. आपल्याकडे लग्नपत्रिकांमुळें ही छपाई बहुतेकांच्या परिचयाची आहे.

आमच्या घरीं हिचा शिरकाव झाला तो मुंजीच्या निमित्तानें. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा हुकूम काढल्यापासून समारंभांत कापडी पिशवी देण्याचा प्रघात वाढला आहे. आम्हींही जाडाभरडा कॅनव्हास आणून पिशव्या घरींच शिवावयाच्या आणि घरींच छापावयाच्या, असें ठरविलें. चित्र कोणतें, यावर मात्र घरांत दोन पक्ष पडले. सूनबाईंनीं चैत्रांगणांतील शंख, चक्र व गोपद्में सुचविलीं. आजींस तें रुचलें नाहीं. "पिशवी बाजारांत जमिनीवर टेंकायची, तींत कांदे-बटाटे यायचे. देवाचीं चिन्हें तिच्यावर कशाला?" असा त्यांचा सवाल. मग बटूचें नांव व मुंजीची तिथि छापावी, असें मुलांनीं म्हटलें. तेव्हां आजींनीं कपाट उघडून दाखविलें. नातलगांच्या लग्नकार्यांतून आलेल्या, नांवें व तारखा मिरविणाऱ्या अकरा पिशव्या तेथें घडी न मोडतां पडून होत्या. दुसऱ्याच्या घरचें नांव खांद्यावर घेऊन भाजी आणावयास कोणालाच नको असतें! अखेर आजींच्याच हातची आंब्याच्या पानांची साधी वेल मुक्रर झाली.

आतां कृति सांगतों. कॅनव्हासवर छापण्यास सेंटिमीटरास सुमारें ४३ ते ५५ धागे असलेली जाळी घ्यावी. ती लांकडी चौकटीवर नगाऱ्यासारखी ताठ बसली पाहिजे. अंधाऱ्या खोलींत तिच्यावर प्रकाशानें घट्ट होणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप देऊन तो वाळवावा. पारदर्शक कागदावर गडद काळ्या शाईनें काढलेली नक्षी त्यावर चिकटून ठेवून प्रकाश द्यावा. प्रकाश लागलेला भाग कठीण होतो. काळ्या रेघांखालचा भाग मऊ राहून पाण्यानें धुऊन जातो, आणि तेवढीच जाळी मोकळी होते. येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी. जुन्या धर्तीच्या लेपांत डायक्रोमेट हा क्षार वापरीत. तो विषारी असून कर्करोगासही कारण होतो. म्हणून दुकानांत विचारून डायझो जातीचा लेप मागावा, आणि लहान मुलांस या कामापासून दूर ठेवावें.

कापड आधीं धुऊन त्यांतील खळ काढून टाकावी, नाहींतर शाई धाग्यांत शिरत नाहीं. पिशवी शिवण्यापूर्वींच छापावी हें उत्तम. शिवणीच्या उंचवट्यावर चौकट सपाट बसत नाहीं आणि नक्षी फांकते. जाळी कापडापासून दोनतीन मिलिमीटर उंच ठेवून, कडेला पाण्यांत मिसळणारी शाई ओतावी आणि रबरी पट्टी तिरपी धरून एका दमांत ओढावी. जाड कापडास दुसरा हात लागतो. प्रत्येक रंगास निराळी चौकट हवी. म्हणून नवशिक्यानें एकाच रंगावर संतुष्ट राहावें. काम संपतांच जाळी धुवावी. शाई एकदां भोंकांत वाळली कीं चौकट वायां गेलीच म्हणून समजावें.

आमची चूक झाली ती पुढें. हाताला रंग लागत नाहीं एवढें पाहून पहिल्या खेपेच्या पिशव्या आम्हीं तशाच शिवल्या. सुदैवानें आजींनीं त्यांतील एक रात्रभर भिजत घालून सकाळीं चोळली. वेल फिकी पडून पाण्यास हिरवी झांक आली! वाळणें आणि पक्कें होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तेव्हां कळलें. शाईंतील बंधक द्रव्य धाग्यास घट्ट धरावयास उष्णता लागते. कारखान्यांत ती सुमारें १५० अंश सेल्सिअसवर कांहीं मिनिटें देतात. घरीं एक दिवस वाळवून, वर पातळ कापड घालून, कडक इस्तरी दोन्ही बाजूंनीं पुनःपुन्हां फिरवावी. सर्व पिशव्यांस अशी इस्तरी दिल्यावर आजींनीं आणखी एक भिजवून पाहिली, आणि मगच त्या वांटण्यास अनुज्ञा दिली.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. डेन्मार्कच्या पर्यावरण-खात्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अहवालांत असें दाखविलें आहे, कीं कापूस पिकविण्यापासूनचा भार हिशेबांत धरला, तर साध्या सुती पिशवीनें हवामानापुरती तरी प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करण्यास ती ५२ वेळां वापरली पाहिजे. आणि सर्व दृष्टींनीं बरोबरी करावयाची तर ७,१०० वेळां! पहिला आंकडा आठवड्याच्या बाजारानें एका वर्षांत गांठतां येतो. दुसरा गांठण्यास रोज एकदां याप्रमाणें एकोणीस वर्षांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब पाहिला म्हणजे कपाटांतील त्या अकरा पिशव्यांचा अर्थ ध्यानांत येतो. कापडी पिशवी घेतल्यानें पुण्य लागत नाहीं; ती झिजविल्यानें लागतें.

म्हणून आमची वाचकभगिनींस एवढीच विनंति, कीं पिशवी छापावी ती कोणासही आपली वाटेल अशी, आणि धुण्यास भिणार नाहीं अशी. आमच्या मुंजींतील एक पिशवी परवां आम्हांस मंडईंत अनोळखी बाईंच्या खांद्यावर दिसली. तिचे बंद एकदां उसवून पुन्हां शिवलेले होते. घरीं येऊन आजींस हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हाच, "वेल शाबूत होती ना?"

होती.