राष्ट्र आणि देह (लेखांक ६) : परक्याचा हात, नवऱ्याचा हक्क

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्समध्ये होतो. तिथल्या प्रजासत्ताकाने नाण्यांवर, टपाल तिकिटांवर, नगरभवनांच्या दालनांत मारियान नावाच्या स्त्रीला राष्ट्राचा चेहरा म्हणून बसवलं. खऱ्या फ्रेंच बायकांना मताचा हक्क मिळायला मात्र १९४४ साल उजाडावं लागलं. आज आपल्याच अंगणात यायचं आहे. १८८० ते १९१० या तीस वर्षांत मुंबई-पुण्यात राष्ट्रवादाची मराठी भाषा घडली. खरा पुरुष कोण आणि खरी स्त्री कशी असावी, याचे निर्णयही त्या भाषेने त्याच काळात करून टाकले. ते निर्णय अजून पुरते उलटलेले नाहीत, म्हणून हा लेखांक मला या मालेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात राज्यकर्त्यांपासून करावी लागते. मेकॉलेने १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवर लिहिलेल्या निबंधात बंगाली पुरुषाला दुबळा, बायकी ठरवलं होतं. १८५७ नंतर हीच समजूत लष्करभरतीचं धोरण बनली. कोणत्या जाती ‘लढवय्या’ आणि कोणत्या नाहीत, याच्या याद्या सरकारी कचेऱ्यांत तयार होऊ लागल्या. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या महार शिपायांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. हातात बंदूक धरलेल्या माणसाचं पुरुषपण जातीचं नाव पाहून काढून घेता येतं, हे त्या अर्जामागचं दुःख होतं. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित समाजाने त्याची फारशी दखल घेतली नाही. त्या समाजाची जखम वेगळी होती.

ती जखम इल्बर्ट विधेयकाच्या वेळी उघडी पडली. १८८३ साली हिंदी न्यायाधीशांना जिल्ह्याजिल्ह्यांत गोऱ्यांचे फौजदारी खटले चालवू द्यावेत, असा प्रस्ताव आला आणि इथल्या गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्यांचा सर्वांत आवडता मुद्दा बायकांचा होता: जे आपल्या बायकांना पडद्यात कोंडतात, कोवळ्या मुलींशी लग्नं लावतात, त्यांच्या हाती आमच्या बायकांची अब्रू कशी सोपवायची? सरकारने माघार घेतली. शिकलेल्या हिंदी पुरुषाला एकाच वेळी दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. तू दुबळा आहेस, आणि तरी बायकांवर जुलूम करतोस. स्वराज्य मागायला तू लायक नाहीस, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत होता. लंडनमधल्या आपल्या बायकांना मत नाकारणारा साहेब इथे स्त्रीचा कैवारी बनून बोलत होता, आणि त्या कैवाराच्या आधाराने राज्य करत होता.

या अपमानाला उत्तर काय द्यायचं? एक उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: तालमी, शिवजयंती, मेळे, लाठी. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसरं उत्तर घराच्या आत दिलं गेलं, आणि तिथे मला अधिक वेळ थांबायचं आहे.

१८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि वयात आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. मी ज्या लग्नाला संमती दिली नव्हती ते मला बांधू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन.

या खटल्यात हिंदू धर्म धोक्यात आला, अशी हाकाटी झाली. टिळकांचा आणि त्यांच्या पत्रांचा कल उघडपणे दादाजींकडे होता. पण धर्माचा म्हणून ज्या हक्काचा कैवार घेतला जात होता, तो धर्मशास्त्रातून आलाच नव्हता. नांदायला येत नाही म्हणून बायकोला कोर्टाकरवी घरी आणवण्याचा दावा ही इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांची देणगी होती. पिन्हे यांनी हेच निकालात नोंदवलं होतं. इंग्लंडमध्ये तर असा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. म्हणजे इंग्रजांनी आपल्या घरी मोडीत काढलेलं हत्यार आपल्या राष्ट्राभिमान्यांनी इथे स्वधर्म म्हणून उराशी धरलं. आणखी एक गोष्ट त्या गदारोळात कोणी ऐकून घेतली नाही. रखमाबाई सुतार जातीच्या होत्या, आणि त्या जातीत विधवेचं दुसरं लग्न होत असे. त्यांच्या आईचंच तसं झालं होतं. हिंदू चालीरीती म्हणून जे कोर्टात आणि वर्तमानपत्रांत मांडलं जात होतं, ते मूठभर वरच्या जातींचं वळण होतं. त्याला इंग्रजी कायद्याची धार लावून सगळ्यांवर चालवलं गेलं.

पंडिता रमाबाईंनी हे तेव्हाच ओळखलं होतं. १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी या निकालाचा दोष हिंदू पुरुषांवर टाकलाच, पण इंग्रज सरकारलाही सोडलं नाही. दोघांनी आपापसात समझोता करून बाईला मध्ये चिरडलं, असा त्यांचा आरोप होता. मला तो आजही अचूक वाटतो. राज्य साहेबाचं आणि घर नवऱ्याचं, अशी ही वाटणी होती. दरबारात मान खाली घालणाऱ्या माणसाला घराच्या उंबऱ्याआत राजा राहू दिलं, की राज्य सुखाने चालतं.

प्रकरण जुलै १८८८ मध्ये मिटलं. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट इथल्या स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवलं. पण वाद मिटला नव्हता.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला उभा राहिला. ती दहा-अकरा वर्षांची होती. पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याच्या संभोगाने ती रक्तस्राव होऊन मेली. कायद्यात संमतीची मर्यादा दहा वर्षांची असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकला नाही, त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीतच होते. आता सरकारने मर्यादा दहावरून बारावर नेण्याचं विधेयक आणलं. फक्त दोन वर्षांची वाढ. त्यावर पुण्यात आणि कलकत्त्यात जे रान उठलं, तसं तोवर कोणत्या करावर किंवा दुष्काळावरही क्वचितच उठलं असेल.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं: ते बालविवाहाचे भक्त नव्हते. १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, विधवांचं केशवपन करू नये, आणि ज्यांना हे मान्य आहे त्यांनी आधी स्वतः बांधून घ्यावं. त्यांचा विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला होता. हा मुद्दा पोकळ नव्हता. ज्या सरकारने देशाची लूट चालवली, त्याला घराच्या दाराशी उभं करू नये, हे म्हणणं मला समजतं. पण यात एक प्रश्न विचारलाच गेला नाही. मध्यंतरी त्या दहा वर्षांच्या मुलीने कोणाकडे जायचं? समाज आपणहून सुधारेल, स्वराज्य येईल, मग कायदा होईल. तोवर तिचं शरीर राष्ट्राच्या स्वायत्ततेची किंमत चुकवत राहणार. आगरकरांनी ‘सुधारका’तून हेच विचारलं, आणि त्याची किंमत म्हणून जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहिली. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. चार वर्षांनी पुण्याच्या काँग्रेसच्या वेळी रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागाही नाकारली गेली. स्त्रीचा प्रश्न राष्ट्राच्या मांडवाबाहेर ठेवण्याची रीत तिथे पक्की झाली.

आता १८९७ कडे या. पुण्यात प्लेग आला. रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरांत घुसले, माणसांना रस्त्यावर आणून तपासू लागले. बायकांच्या अंगाला परपुरुषाचे हात लागले. हा जुलूम खरा होता, संताप रास्त होता. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या छावण्यांत बायकांची काय दशा होते, ते वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर केलं. गोखल्यांनी विलायतेत असताना शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप जाहीरपणे मांडला. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी माफी मागितली. ती माफी त्यांना पुढे कित्येक वर्षं भोवली. पुराव्याविना केलेला आरोप मागे घेणं हा सचोटीचा भाग होता, पण पुण्याने त्यात नामर्दपणा पाहिला. त्याआधीच, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. ज्याच्या हातात पिस्तूल तो पुरुष, आणि जो शब्द तोलून बोलतो तो नेभळट, ही फूटपट्टी तेव्हापासून मराठी राजकारणाच्या हातात आहे.

१८९१ आणि १८९७ शेजारीशेजारी ठेवून पाहा. शहर तेच, पत्रं बरीचशी तीच, माणसंही बरीचशी तीच. एकदा बाईच्या शरीरावरचा अत्याचार हा घरचा मामला ठरला, सहा वर्षांनी तोच राष्ट्राचा अपमान ठरला. हात कोणाचा होता, एवढाच फरक. बाईला किती इजा झाली, तिचं म्हणणं काय, हे दोन्ही वेळा दुय्यम राहिलं. परक्याने स्पर्श केला की तिच्या देहात राष्ट्राची अब्रू दिसू लागते. नवऱ्याने मारून टाकलं तरी ती दिसत नाही.

रंगभूमीने या भावनेला सर्वांत प्रभावी रूप दिलं. १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आलं. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं, पण प्रेक्षक कीचकात त्यालाच पाहत. युधिष्ठिरात मवाळ दिसत, भीमात जहाल, आणि विटंबना सोसणाऱ्या सैरंध्रीत, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीत, हिंदभूमी. सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, तेव्हा नाटकाने आपलं काम केलेलं होतं. अबनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली रंगवलेली भारतमाता भगव्या वस्त्रातली, शांत, चार हातांत अन्न, वस्त्र, विद्या आणि जपमाळ देणारी आहे. मराठी रंगमंचावरची ही सैरंध्री मात्र सूड मागणारी. दोघींत एवढं अंतर असूनही दोघींकडून अपेक्षा एकच आहे: तिच्याकडे पाहून पुरुषांनी पेटून उठावं. खरा वाद भीमाचा आणि युधिष्ठिराचा, म्हणजे दोन तऱ्हेच्या पुरुषांचा. तिचा अपमान हे त्या वादाचं सरपण.

महाभारतातली द्रौपदी भरसभेत कायद्याचा प्रश्न विचारते, आणि भीष्माला उत्तर सुचत नाही. तशी प्रश्न विचारणारी बाई या काळात होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रं समस्त स्त्रीजातीवर तुटून पडली तेव्हा ताराबाई संतापून लिहायला बसल्या. स्वतःचे पोशाख, खाणंपिणं, चाकरी सगळं साहेबाच्या तालावर बदलून घेणाऱ्या पुरुषांनी धर्म सांभाळायचं ओझं बायकांच्याच माथी का मारलं, असं त्यांनी बजावून विचारलं. जोतिराव फुले सोडले तर त्यांच्या बाजूने ठामपणे उभं राहणारं फारसं कोणी नव्हतं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा उजेडात आणेपर्यंत मराठी वाचक ते विसरूनही गेला होता. राष्ट्राला मूर्ती हवी होती. बोलणारी बाई त्या चौथऱ्यावर बसत नव्हती.

स्वराज्य आल्यावर तरी ही वाटणी मोडली का? कायद्याच्या पुस्तकात पाहा. नांदायला न येणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली होती. पण दावा लावण्याचा हक्क तसाच उरला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो नववं कलम होऊन बसला, आता नवरा-बायको दोघांसाठी. त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदीच्या रखमाबाई वारल्या. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान दिलं गेलं. इंग्रजांची दंडसंहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. गुलामीच्या खुणा पुसण्याचा उच्चार करतच ती आली. अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने बळजबरी केली तर तो बलात्कार नव्हे, हा १८६० च्या संहितेतून चालत आलेला अपवाद मात्र तिच्यातही जपून ठेवलेला आहे, आणि त्याच्या समर्थनासाठी आजही भारतीय कुटुंबसंस्थेचा हवाला दिला जातो.

पुढच्या आठवड्यात फाळणी: पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये केलेला कायदा, आणि परत यायचं की नाही हे त्यांना न विचारण्याची त्यातली तरतूद.