जुन्या बाजारातून सह्याद्रीकडे

बुधवारी किंवा रविवारी शनिवारवाड्याकडून पुणे स्टेशनकडे निघालं की कुंभारवेस मागे पडताच रस्त्याच्या कडेला पथाऱ्या दिसू लागतात. कुलुपं, पाने, करवती, पितळी भांडी, जुनी नाणी, बंद पडलेले कॅमेरे, चार्जरच्या वायरींचे गुंते; आणि त्यांच्या मधेमधे बुटांचे ढीग, जर्किनं, पाठीवरच्या सॅक, फौजी हिरव्या बाटल्या. हा पुण्याचा जुना बाजार. आठवड्यातून दोनच दिवस भरणारा, मंगळवार पेठेच्या अंगाने पसरलेला. नाणी जमवणाऱ्यांचा तो आहे, फिटर-सुतारांचा आहे, गाडीचा एखादा सुटा भाग शोधत आलेल्यांचाही आहे. पण त्याची आणखी एक ओळख आहे आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. डोंगरात जायचं आहे आणि खिशात पैसे नाहीत, अशा पोरांना या बाजाराने आजवर बूट, सॅक आणि पांघरूण पुरवलं आहे.

सिंहगडाला जायला बसच्या तिकिटापलीकडे काही लागत नाही, हे खरं. पण राजगडावर मुक्काम, भर पावसात हरिश्चंद्रगड, किंवा जानेवारीत कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर पहाट गाठायची म्हटली की यादी सुरू होते. चांगले बूट, सॅक, स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, पावसाचं जर्किन, डोक्याला लावायची विजेरी. हे सगळं नवं, नावाजलेल्या कंपनीचं घ्यायचं तर पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचं दोन-तीन महिन्यांचं भाडं एका फेरीत संपतं. डोंगर फुकट आणि डोंगराचे कपडे महाग, असं असेल तर डोंगर फक्त पैसेवाल्यांचा होतो. पुण्यात तसं पूर्णपणे झालं नाही, याचं बरंचसं श्रेय मी रस्त्यावर मांडलेल्या या ढिगांना देतो.

ढिगांत फौजी माल दिसतो, कारण हे शहरच छावणीचं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी पुण्यात जो तळ टाकला, त्यातून आजचा कॅम्प आणि खडकीची छावणी उभी राहिली. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचं महाविद्यालय, खडकवासल्याला एनडीए, देहूरोडला लष्करी साहित्याचं मोठं आगार. एवढ्या मोठ्या सैन्याचा गणवेश, बूट, तंबू सतत बदलत असतात. मुदत संपलेला किंवा निकामी ठरवलेला माल लिलावात निघतो. सरकारी भंगार आणि जादा साठ्याचे असे लिलाव आता बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावरून होतात. घाऊक व्यापारी माल उचलतो, तो गठ्ठ्यांनी फुटतो आणि त्यातलं काही पथारीपर्यंत पोचतं.

हे पुण्यापुरतंच नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या सामान्य घरांतल्या गिर्यारोहकांनी सैन्याच्या जादा साठ्यातले कॅराबिनर, बूट आणि विंडचीटर स्वस्तात घेऊन कडे चढायला सुरुवात केली. नायलॉनचा दोरही युद्धाच्या काळातच गिर्यारोहणात रुळला. युद्धाच्या उरल्यासुरल्या मालातून एका पिढीचा खेळ घडला.

आपल्याकडेही बराच काळ दुसरा मार्ग नव्हता. १९९१ च्या आधी परदेशी सामान आणणं म्हणजे जबर आयात शुल्क आणि कोणा परदेशी पाहुण्याच्या हातापाया पडणं. गिरिप्रेमी ही पुण्याची संस्था १९८२ मध्ये सुरू झाली, ती याच काळात. तीस वर्षांनी, मे २०१२ मध्ये, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट गाठलं आणि २०१९ मध्ये दहा जणांनी कांचनजुंगा. तिथल्या मोहिमांना अर्थातच अव्वल सामान लागतं आणि तिथे काटकसर चालत नाही. पण अशा माणसांची घडण सह्याद्रीत होते, आणि सह्याद्रीत सुरुवात करताना कोणी एव्हरेस्टचे बूट घालत नाही.

आता मुख्य गोष्ट. जुन्या बाजारात माल निवडणं ही एक विद्या आहे. ती जाहिरातीतून येत नाही, हाताने चाचपून येते. फसगत होते ती किमतीत कमी आणि मालाच्या वयात जास्त.

बूट आधी पाहू. फौजेचे काळे डीएमएस बूट सर्वांत जास्त दिसतात. यात तळवा चामड्याला शिवलेला नसतो, थेट साच्यात ओतून बसवलेला असतो, म्हणून तो सहसा उकलत नाही. पण ते जड असतात, तळवा कडक असतो आणि ओल्या कातळावर असा तळवा धरत नाही. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ, उन्हाळ्यात उतारांवर घसारा. इथे बुटाला मऊ रबराचा, खोल खाचांचा तळवा हवा. म्हणूनच कित्येक वर्षं आपले ट्रेकर 'ॲक्शन'चे साधे ट्रेकिंग बूट घालून कडेकपारी फिरले. नवे असूनही ते परवडतात, आणि बुटांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: पैसे वाचवायचे तर बाकी सगळीकडे वाचवावेत, बूट शक्यतो नवे घ्यावेत. दुसऱ्याच्या पायाने मोडलेला बूट आपल्या टाचेला सहसा बसत नाही.

तरी जुना घ्यायचाच असेल तर एक परीक्षा चुकवू नये. परदेशी नावाचे, जवळजवळ न वापरलेले, चकचकीत बूट ढिगात दिसतात तेव्हा मोह होतो. त्यांच्या मधल्या थरात बऱ्याचदा पॉलियुरेथेन असतं. हवेतली वाफ त्याची रासायनिक बंधनं हळूहळू तोडते आणि बूट खोक्यात नुसता पडून असला तरी आतून भुसभुशीत होतो. आपल्या पावसाळ्यात तर हे आणखी लवकर. वरून काहीच कळत नाही. मग ऐन उतारावर तळवा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. म्हणून अंगठ्याने मधला थर जोरात दाबायचा, बूट दोन्ही हातांनी वाकवायचा. बारीक भेगा दिसल्या किंवा पीठ झडलं तर तो जागेवर ठेवायचा, मग किंमत कितीही खाली येवो.

सॅक मात्र जुन्या बाजारात घ्यावी अशी वस्तू आहे. कापडापेक्षा शिवण पाहायची: खांद्याचे पट्टे जिथे पाठीला जोडलेत तिथे आडवे-उभे पक्के टाके आहेत का, कमरेचा पट्टा जागेवर आहे का. चेन पूर्ण उघडून-मिटून पाहायची. चेनीचे दात शाबूत असतील आणि नुसता रनर सैल झाला असेल तर घ्यायला हरकत नाही, रनर बदलून देणारे पेठांमध्ये अजून आहेत. मग आत हात घालायचा. अस्तर चिकट लागलं, आंबूस वास आला, पांढरे पापुद्रे सुटले तर आतला जलरोधक थर गेला असं समजायचं. सॅकच्या बाबतीत हा दोष परवडतो, कारण आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली की सामान कोरडं राहतं. तंबूच्या बाबतीत परवडत नाही. तंबू पथारीवर उघडून पाहायला कोणी देत नाही, आणि न उघडता तंबू घेऊ नये.

गरम कपड्यांत फौजी माल खरोखर उत्तम निघतो. लोकरीच्या जर्सी, लोकर आणि सुताच्या मिश्रणाचे अंगोला शर्ट, जाड मोजे. लोकर ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवते. सुती कपडा ओला झाला की उलट अंगातली ऊब ओढून घेतो. पावसाळी ट्रेकला जीन्स घालून येणाऱ्यांना ज्येष्ठ मंडळी रागावतात ते एवढ्यासाठी. फ्लीसचं जर्किन मिळालं तर तेही घ्यावं. ते १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गिरणीत तयार झालेलं कृत्रिम कापड, हलकं आणि झटपट वाळणारं. बाह्यांवर गोळे आले असले तरी काम तेवढंच देतं.

स्लीपिंग बॅगचंही तसंच. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सिंहगड १,३१२ मीटरवर, पुणे साधारण ५६० वर. म्हणजे शहरात बारा अंश असतील तेव्हा गडावर सात-आठ धरावेत. त्याला साधी कृत्रिम भरावाची बॅग पुरते, हिमालयाच्या पिसांच्या बॅगेची गरज नाही. बॅग उजेडासमोर धरायची. भराव एका बाजूला जमून कुठे नुसतं कापडच दिसत असेल तर तिथून थंडी आत येणार. आणि आणलेली बॅग घरी घट्ट गुंडाळून ठेवायची नाही, मोकळी टांगायची. दाबून ठेवलेला भराव पुन्हा फुगत नाही.

आता निषिद्ध माल. दोर, हार्नेस, स्लिंग, हेल्मेट. जीव ज्यावर टांगतो ते सामान पथारीवरून कधीही घेऊ नये, दोस्ताच्या दोस्ताकडूनही नाही. नायलॉन उन्हाने कुजतो, बॅटरीतल्या ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही कमकुवत होतो, आणि यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक उत्पादक दोराला वापर न करताही दहा वर्षांची कमाल मर्यादा घालतात. त्या दोराने किती झटके खाल्ले हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यात त्याचा दोषही नसतो. कातळटप्प्यावर जायचं असेल तर संस्थेबरोबर जावं, जिथे प्रत्येक दोराची नोंदवही असते.

आणखी एक निषिद्ध, वेगळ्या कारणाने. फौजी छापाचा गणवेशी शर्ट-पँट. सैनिक आहोत असं भासवण्याच्या हेतूने असा वेश घालणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड विधानात त्यासाठी कलम १४० होतं. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटवर हल्ला झाल्यावर सैन्याने नागरिकांना लढाऊ गणवेशाचे कपडे घालू नका आणि दुकानदारांना ते विकू नका असं आवाहन केलं. डोंगरात गंमत म्हणूनही हा छाप अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. हिरवी जर्सी, बाटली, मेस टिन यांची गोष्ट निराळी.

'मिलिटरीचा माल आहे' असं सांगून विकलं जाणारं सगळं मिलिटरीचं नसतं, हेही धरून चालावं. तशाच रंगाचं, तशाच कापडाचं बाहेर शिवलेलं पुष्कळ असतं. पण पट्टा मजबूत आणि शिवण दुहेरी असेल तर तो फौजेचा आहे की नाही याने डोंगराला फरक पडत नाही. परदेशी कंपन्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या जर्किनांचंही तसंच. वापरलेल्या घालण्याजोग्या कपड्यांची आयात आपल्याकडे परवान्याशिवाय होत नाही. फाडलेल्या चिंध्या मात्र पानिपतच्या गिरण्यांकडे जातात, तिथे त्यांचं सूत आणि ब्लँकेटं होतात. चिठ्ठी वाचून भाव ठरवू नये, शिवण वाचून ठरवावा.

भाव करताना पुणेरी आवाज चढवायची गरज नसते. "काका, याची चेन गेलीय, शिवून घ्यायला खर्च आहे," असं दोष दाखवून सरळ बोललं की बहुतेक विक्रेते खाली येतात. घासाघीस करावी, अपमान करू नये. उन्हात दिवसभर बसलेल्या माणसाकडून पन्नास रुपये काढून घेण्यात कसलाही पराक्रम नाही.

वस्तू घरी आली की खरं काम सुरू. कडक ऊन दाखवायचं, गरम पाण्यात धुता येईल ते धुवायचं, लोकरीला गार पाणी आणि सौम्य साबण. चांभाराकडून सोलला कडेने शिवण घालून घ्यायची, नुसत्या पेस्टिंगवर विसंबायचं नाही. बोहरी आळीतून जाड प्लॅस्टिक आणि सुतळी आणली की सॅकचं अस्तर, खाली अंथरायची ताडपत्री, पावसाचा आडोसा, तिन्ही निघतात.

ज्यांच्या गावांतून आपण गडांवर जातो त्यांच्याकडे हे शहाणपण आधीपासून होतं. धनगराची काळी घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची. ती अंथरूण, पांघरूण आणि रिमझिमीत डोक्यावरची खोळही. पावसाळ्यात शेतात बांबू आणि पानांचं इरलं. दोन्ही वस्तू स्थानिक, दुरुस्त होणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. आजही एखादी घोंगडी ट्रेकला नेली तर वजन वाढतं, पण देवळाच्या फरशीवर तिच्यासारखं अंथरूण मिळत नाही.

बाजाराभोवतीचं शहर मात्र बदललं. ऑगस्ट २०२३ पासून मंगळवार पेठेतून मेट्रो धावते, रस्त्यावर गाड्यांची दाटी वाढली, आणि अतिक्रमणाचा विषय निघाला की पथाऱ्यांकडेच बोट दाखवलं जातं. तिकडे कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर, जिथे निर्यातीतून उरलेली जर्किनं मिळायची, मार्च २०२१ च्या आगीत शेकडो दुकानं जळाली. पथविक्रेत्यांच्या हक्कांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार आठवड्याच्या बाजारालाही रीतसर जागा आखून देता येते. महापालिकेने जुना बाजार त्याच भागात, सावली आणि पाण्यासह आखून द्यावा. शहराबाहेर कुठेतरी हलवला तर तो नावापुरता उरेल, कारण बसने येणारं गिऱ्हाईक तिथे पोचणार नाही.

गिर्यारोहण संस्थांनाही एक सुचवावंसं वाटतं. आपल्या जुन्या सभासदांच्या माळ्यावर सॅक, जर्सी, स्लीपिंग बॅगा पडून आहेत. दर मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, एक रविवार त्यांच्या देवघेवीसाठी ठेवावा. प्रत्येक वस्तूवर घेतल्याचं वर्ष आणि झालेल्या दुरुस्त्या लिहिलेली चिठ्ठी असावी. दारातच एक मोठी पेटी ठेवावी, आणि जो कोणी जुना दोर किंवा हार्नेस घेऊन येईल त्याच्याकडून तो घेऊन तिथेच कापून टाकावा.