बुधवारी रात्री आठला तिला हाक मारू नका

मैत्रिणींनो, घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर ‘आमचा सी.पी.चा क्लब आहे’ हे वाक्य तुमच्या कानावर आलं असेल. सी.पी. म्हणजे कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग. संगणकाला सूचना लिहून कोडी सोडवण्याची शर्यत म्हणा ना! आपल्या वाशिम, रिसोड, कारंजाच्या मुली शिकायला अमरावती, शेगाव, नागपूरला जातात. सुट्टीत घरी आल्या की हा क्लब लॅपटॉपमधून त्यांच्याबरोबर घरी येतो आणि तिथेच खटका उडतो.

आता तुम्ही म्हणाल, कोडी ती कसली? आपलं सोयाबीनच घ्या. रोजचे भाव लिहून ठेवलेत. एका दिवशी घ्यायचं, पुढे कधीतरी विकायचं. जास्तीत जास्त नफा किती? महिन्याभराचे भाव असतील तर आपणही बोटांवर काढू. कोड्यात मात्र दिवस असतात एक लाख! प्रत्येक दिवसाची पुढच्या प्रत्येक दिवसाशी जोडी लावत बसलं, तर होतात सुमारे ५०० कोटी जोड्या. संगणकालाही त्याला वेळ लागेल आणि मुदत असते एकदोन सेकंदांची. मग युक्ती अशी, की यादीवरून एकदाच खाली यायचं, आतापर्यंतचा सगळ्यात कमी भाव लक्षात ठेवायचा आणि त्या दिवसाच्या भावातून तो वजा करून पाहायचा. एक लाख पावलांत काम फत्ते. ही युक्ती स्वतःला सुचणं, हाच सगळा खेळ. क्लबात मुलं एकमेकांना कोडी घालतात, फळ्यावर वाद घालतात, ते याचसाठी.

यातली मोठी स्पर्धा आयसीपीसी. तिची सुरुवात १९७० साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका विद्यापीठात झाली. तिघांचा संघ, संगणक एकच, वेळ पाच तास. कोडं सुटलं की संघाच्या टेबलाला रंगीत फुगा बांधतात. चुकीचं उत्तर धाडलेलं कोडं पुढे सुटलं, तरी प्रत्येक चुकीमागे वीस मिनिटांचा दंड पडतो.

पण सराव घरबसल्या होतो. मुंबईच्या एका कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या कोडशेफची स्पर्धा असते बुधवारी रात्री आठला. रशियातल्या कोडफोर्सेसचीही बरेचदा आठ वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे नेमकी आपली पोळ्यांची वेळ! मध्येच उठलं की क्रमांक घसरतो, त्याबरोबर रेटिंगही. हे रेटिंग मुलं परीक्षेच्या गुणांसारखं जपतात. शिवाय पुष्कळ कंपन्या नोकरीच्या पहिल्या चाळणीत अशीच कोडी घालतात, हेही ध्यानात घ्या.

चिरंजीव बसले असले की आपण ताट आत नेऊन देतो. मुलगी बसली की मात्र, ‘अगं, दोन पोळ्या लाटून जा.’ सासूबाई बोलतात, पाहुणे विचारतात, आणि मग आपणच तिला उठवतो. मला विचाराल तर हे बरं नाही. कामाला हात लावू नकोस असं कुणी म्हणत नाही. कणीक सातला मळून घेऊ द्या, भांडी दहानंतर. पण मधले दोन तास तिचे. रोज नाही हो, आठवड्यातून एकदोनदाच.

एखाद्या दिवशी शेजारी बसून ‘आज काय कोडं होतं गं?’ असं विचारून बघा. इंग्रजी शब्द सोडून ती सांगायला लागली, की निम्मं तरी कळतं. आणि हो, वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप साडेसातलाच चार्जिंगला लावायची आठवण तेवढी करा.