मृगाचा किडा कुठे लावायचा?

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आम्ही चौथीच्या मुलांनी कीटकांची पेटी केली आहे. शर्टाच्या खोक्यात थर्मोकोल बसवले आहे. पेटी सावलीच्या भिंतीला ठेवली आहे, कारण उन्हाने पंखांचे रंग उडतात.

आम्ही एकही किडा मारला नाही. व्हरांड्यातल्या दिव्याखाली सकाळी पुष्कळ मेलेले किडे पडलेले असतात, ते घेतले. काही फुलपाखरांना तर १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, असे गुरुजींनी सांगितले. वाळलेला किडा कडक होतो. हात लावला की पाय मोडलाच! म्हणून तो आधी डब्यात, ओल्या वाळूवर कागद घालून, एक-दोन दिवस झाकून ठेवायचा. मग पाय मऊ होतात आणि नीट पसरता येतात. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध टोचायची नाही, उजव्या पंखावर टोचायची. फुलपाखराला मात्र छातीत मधोमध.

प्रत्येक किड्याला दोन चिठ्ठ्या आहेत. मोठीवर नाव. पहिलीच्या मुलांना जोडाक्षरं येत नाहीत, म्हणून ‘प्रार्थना कीटक’ न लिहिता ‘खंडोबाचा किडा’ असं लिहिलं. चतुर, नाकतोडा, झुरळ, मुंगळा ही नावं तर सोपीच आहेत. छोटी चिठ्ठी टाचणीतच ओवायची. तिच्यावर कुठे, कधी आणि कोणाला सापडला ते पेन्सिलीने लिहायचे. शाई ओलीने पसरते. गुरुजी म्हणतात, नाव चुकलं तर पुस्तकात बघून पुन्हा लिहिता येतं, पण जागा आणि तारीख विसरली तर ती कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

सगळ्यात जास्त भांडण मृगाच्या किड्यावरून झालं. पहिल्या पावसात निघतो ना, लाल मखमलीसारखा, तो. मुलं म्हणाली, नावातच किडा आहे, कीटकांतच लावा. पण पेटीवर आम्हीच लिहिलं होतं, ‘कीटकाला सहा पाय असतात.’ भिंगातून मोजले तर आठ भरले! पहिलीतला पोरगा मोजायला बसला तर त्याने कोणाचं ऐकायचं, चिठ्ठीचं का पायांचं? तरी एकजण म्हणाला, त्याच्या अगदी लहान पिलांना सहाच पाय असतात. ते खरंच आहे. मग गुरुजींनी विचारलं, “मिशा कुठे आहेत?” नाकतोड्याला मिशा आहेत, झुरळाला तर केवढ्या लांब. मृगाच्या किड्याला नाहीतच. कोळ्याला नाहीत, विंचवाला पण नाहीत. म्हणून तो दुसऱ्या खोक्यात, कोळ्याशेजारी गेला. तो मऊ असतो, टाचणीने फुटतो, म्हणून स्पिरिटच्या छोट्या बाटलीत आहे. चिठ्ठी अशी आहे: ‘मृगाचा किडा. पाय आठ. मिशा नाहीत. कोळ्याचा भाऊ.’ शेवटचं मुलींनी सुचवलं.

कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या आहेत, नाहीतर मुंग्या सगळं खाऊन टाकतात. गोळ्यांना हात लावू नका, त्या विषारी असतात. पाय मोजायचे असतील तर भिंग गुरुजींच्या टेबलाच्या खणात आहे. विचारून घ्या.

— इयत्ता चौथी