रोबोचा सांगाडा कशाचा?

काय मित्रांनो, स्पर्धेसाठी रोबो बनवताय? मग आधी सांगाड्याचं बघा. पुण्यात २०१४ साली आशिया-पॅसिफिक 'रोबोकॉन' भरली होती. अशा स्पर्धांत वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली, की सगळी मेहनत फुकट!

समजा, ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पत्रा घेतला. पोलादाचा भरेल सुमारे १४०० ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचा ४९०, अ‍ॅक्रिलिकचा तर फक्त २१५! मग अ‍ॅक्रिलिकच बरं? थांबा. धडक बसली, की ते स्क्रूच्या भोकापाशी तडकतं. अ‍ॅल्युमिनियम तडकत नाही, पण पोलादाच्या जवळजवळ तिप्पट लवतं. यावर उपाय आहे बरं का! जाडी दुप्पट केली, की ताठपणा आठपट होतो. वजन मात्र पोलादापेक्षा कमीच राहतं. पोकळ चौकोनी नळी तर आणखी हलकी नि ताठ.

बोनकोड्यातल्या दोस्तांनो, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडेच एमआयडीसीचे कारखाने आहेत. तिथे कुणी ओळखीचे काका असतील, तर त्यांना जरूर विचारा. पण पहिला सांगाडा स्वस्तातल्या प्लायवूडचाच करा. मापं चुकली तर तिथेच चुकू देत! आणि हो, ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा अन् शेजारी आई-बाबा हवेतच.