सुरक्षा तपासणी आणि स्वमग्न प्रवासी

जबलपूर ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर आहे. मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांना जोडणारा लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे सांधला गेला. तेव्हापासून महाकोशलातील मराठी कुटुंबांचे महाराष्ट्रात जाणे-येणे मुख्यत्वे आगगाडीनेच होत आले आहे. या प्रवासाला आजही पंधरा तासांहून अधिक वेळ लागतो. विमानाने हेच अंतर सुमारे दोन तासांत कापता येते. शहराबाहेर डुमना येथे असलेल्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे मार्च २०२४ मध्ये उद्‌घाटन झाले.

ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घराला ही वेळेची बचत इतरांपेक्षा अधिक मोलाची वाटावी. मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे मुलाला न्यायचे असते, आप्तांच्या घरी लग्नकार्य असते, आणि रात्रभर गजबजलेला डबा अशा मुलाला असह्य होऊ शकतो. तरीही विमानाचे तिकीट काढताना या कुटुंबांचे पाऊल अडखळते. त्यांना धास्ती असते ती विमानात बसण्यापूर्वीच्या सुरक्षा तपासणीची. ही धास्ती कशामुळे निर्माण होते आणि ती कितपत दूर करता येते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

स्वमग्नतेचे स्वरूप

स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील तो एक जन्मजात वेगळेपणा आहे. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. या मुलांना एकटेपणा प्रिय होता; त्याचबरोबर भोवतालच्या गोष्टी जशाच्या तशा राहाव्यात असा त्यांचा विलक्षण आग्रह होता, असे कॅनर यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे सुमारे एक व्यक्ती स्वमग्न होती. काही स्वमग्न व्यक्ती मुळीच बोलत नाहीत, तर काही उच्चशिक्षण घेऊन जबाबदारीची पदे सांभाळतात.

या वेगळेपणाचे एक अंग पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिले, ते म्हणजे संवेदनांचे. ध्वनी, प्रकाश, स्पर्श आणि गंध यांची जाणीव स्वमग्न व्यक्तीला अतितीव्र किंवा अतिमंद होऊ शकते. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत या लक्षणाला २०१३ साली स्थान मिळाले. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकी पशुविज्ञान-संशोधक टेंपल ग्रँडिन यांनी स्वानुभवातून दाखवून दिले आहे की, अनपेक्षित हलका स्पर्श अशा व्यक्तीला अस्वस्थ करतो, तर दृढ आणि स्थिर दाब तिला शांत करू शकतो. तपासणीच्या संदर्भात हा भेद फार महत्त्वाचा आहे.

तपासणी कशासाठी

विमानतळावरील तपासणी ही अनाठायी कटकट आहे असे कोणी म्हणू नये. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचे अपहरण झाले. त्यानंतरच्या चौकशीतून १९७८ साली नागरी विमान वाहतूक सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला आणि १९८७ साली त्याला स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणारे विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले व एका प्रवाशाला प्राण गमवावे लागले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास सुरुवात झाली. २००० साली जयपूर विमानतळ या व्यवस्थेखाली प्रथम आला. आजची तपासणी अशा अनुभवांतून घडली आहे. म्हणून तपासणी टाळावी कशी हा प्रश्न येथे गैरलागू आहे. ती कोणत्या रीतीने व्हावी, एवढाच प्रश्न उरतो.

अडचणीच्या जागा

तपासणीचा क्रम बारकाईने पाहिला म्हणजे अडचण कोठे उद्भवते हे ध्यानात येते. प्रवेशद्वारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. पुढे सामान विमान कंपनीच्या ताब्यात दिल्यावर प्रवासी सुरक्षा कक्षात येतो. तेथे हातातील पिशवी, भ्रमणध्वनी, कमरेचा पट्टा इत्यादी वस्तू ट्रेमध्ये ठेवून क्ष-किरण यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर सोडाव्या लागतात. यंत्राच्या तोंडाशी असलेल्या रबरी झालरीआड त्या दिसेनाशा होतात. त्या पलीकडून परत मिळणार, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु ज्या मुलाचा सारा धीर एका कापडी खेळण्यात किंवा कानांवरील आवाजरोधक साधनात एकवटलेला असतो, त्याच्या दृष्टीने ती वस्तू त्या क्षणी नाहीशीच होते.

त्यानंतर धातुशोधक चौकटीतून जावे लागते. ही चौकट चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यात धातू आला की क्षेत्रात बदल होऊन कर्कश सूचना-ध्वनी उमटतो. पुढचा टप्पा भारतीय विमानतळांवर विशेष महत्त्वाचा आहे. अनेक पाश्चात्त्य देशांत यंत्राने इशारा दिला तरच प्रवाशाची अंगझडती घेतली जाते. आपल्याकडे मात्र सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रवाशाला चौथऱ्यावर उभे करून, हात पसरावयास सांगून, हातातील धातुशोधक त्याच्या अंगाजवळून फिरवितात आणि गरजेप्रमाणे हातानेही चाचपणी करतात. ग्रँडिन यांनी वर्णिलेला अनपेक्षित हलका स्पर्श तो हाच.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील व्यवस्थेत आहे. स्त्रिया आणि पुरुष यांची तपासणी वेगळ्या रांगांत होते. स्त्रियांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारी करतात. तत्त्वतः हे योग्यच आहे. पण पंधरा वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन एकटी आई निघाली असेल, तर नेमक्या सर्वांत कठीण क्षणी दोघांची ताटातूट होते. मुलाला समजून घेणारी एकमेव व्यक्ती त्या वेळी पडद्याच्या दुसऱ्या बाजूस असते.

दुहेरी गैरसमज

सुरक्षारक्षकाला प्रवाशाच्या वागण्यावर लक्ष ठेवावे लागते. नजर चुकविणारा, प्रश्नाचे उत्तर न देणारा किंवा एकसारखी हालचाल करणारा माणूस त्याला संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. स्वमग्न व्यक्ती तणावाखाली नेमकी अशीच वागते. डोळ्यांस डोळा भिडविणे तिला जड जाते; अंग झुलवून किंवा हात फडफडवून ती मनाचा तोल सावरू पाहते; एरवी उत्तम बोलणाऱ्या प्रौढ व्यक्तीचीही वाचा अशा वेळी बंद पडू शकते. रक्षक आवाज चढवून सूचना पुन्हा देतो आणि त्या चढलेल्या आवाजाने व्यक्तीचा गोंधळ अधिकच वाढतो.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ साली असे प्रतिपादन केले की, स्वमग्न आणि इतर व्यक्ती यांच्यातील विसंवाद एकतर्फी नसतो. दोघांनाही एकमेकांचे मन वाचता येत नाही. सुरक्षा कक्षात या विधानाचा प्रत्यय येतो. त्यातच स्वमग्नता डोळ्यांना दिसत नाही. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या प्रवाशाला लोक वाट करून देतात. जमिनीवर लोळण घेणारे मूल मात्र लाडावलेले ठरते, आणि बोल आईवडिलांना ऐकावे लागतात. कित्येक कुटुंबांना तपासणीपेक्षा रांगेतील या नजरांचेच भय अधिक असते.

कायद्याचा आधार

२०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष यांच्या प्रकरणी महत्त्वाचा निर्णय दिला. मेंदूचा पक्षाघात असलेल्या या कार्यकर्त्या २०१२ साली कोलकात्याहून गोव्यास एका परिषदेसाठी निघाल्या असता त्यांना विमानातून उतरविण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली आणि दिव्यांग व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा अधिकार अधोरेखित केला. तरीही मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग किशोराला, तो घाबरलेला आहे या कारणावरून, विमानात प्रवेश नाकारण्यात आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीला पाच लाख रुपये दंड केला आणि त्याच वर्षी नियमांत दुरुस्ती केली. अशा प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल अशी शंका आल्यास कंपनीने विमानतळावरील डॉक्टरकडून त्याची तपासणी करवून घ्यावी आणि वैद्यकीय मतानंतरच निर्णय घ्यावा, असे त्या दुरुस्तीने ठरले.

रांचीची घटना जबलपूरच्या पालकांना दूरची वाटत नाही. घाबरलेले मूल शांत झाले नाही तर प्रवासच हुकेल, ही शंका तपासणीच्या प्रत्येक मिनिटाला त्यांच्या मनात असते. आणि पालकांची अस्वस्थता मुलाला चटकन जाणवते.

अनिश्चिततेवर उपाय

या सर्व अडचणींच्या मुळाशी एक समान कारण आढळते. तपासणी कठोर असण्यापेक्षा ती अनिश्चित असणे स्वमग्न व्यक्तीला अधिक भयावह वाटते. आता काय होणार, कोण स्पर्श करणार, किती वेळ लागणार आणि ते केव्हा संपणार, हे ठाऊक नसणे हीच खरी यातना होय. म्हणून उपायाची दिशाही स्पष्ट आहे: तपासणी तेवढीच ठेवून अनिश्चितता कमी करावयाची.

परदेशांत या दिशेने काही प्रयोग झाले. अमेरिकेत बोस्टनच्या विमानतळावर २०११ साली स्वमग्न मुलांसाठी प्रवासाची रंगीत तालीम घेण्यात आली; त्यात मुलांनी तपासणी पार करून विमानात बसण्याचा सराव केला. लंडनजवळील गॅटविक विमानतळाने २०१६ साली सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू केली. ती गळ्यात असलेल्या प्रवाशाला न दिसणारे दिव्यांगत्व आहे, हे कर्मचाऱ्यांना न विचारता कळते. भारतात बंगळूर आणि दिल्ली येथील विमानतळांनीही ही पद्धत स्वीकारली आहे. मात्र आपले वेगळेपण असे जाहीर करणे प्रत्येकाला रुचेल असे नाही. म्हणून गळपट्टी ही सोय असावी, सक्ती असू नये.

जेथे अशी योजना नाही, तेथेही कुटुंबाला पुष्कळ काही करता येते. तिकीट काढताना, निदान प्रस्थानाच्या ४८ तास आधी, विमान कंपनीला मुलाच्या गरजा कळवाव्यात. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशासाठी विमान कंपन्यांकडे ‘डी.पी.एन.ए.’ ही सांकेतिक नोंद असते. ती करून घेण्याचा आग्रह धरावा. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि मुलाला काय खपते, काय खपत नाही, हे हिंदीत चार ओळींत लिहून ते रक्षकाच्या हाती द्यावे. आडोशाला तपासणी करण्याची आणि त्या वेळी पालकाला जवळ उभे राहू देण्याची विनंती करता येते. मुलगा मोठा असेल तर सोबत एखादा पुरुष नातलग असणे हिताचे.

मुलाची तयारी हा याहून महत्त्वाचा भाग होय. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास रूढ केलेली ‘सामाजिक गोष्टी’ची पद्धत येथे उपयोगी पडते. पुढे घडणारा प्रसंग चित्रे आणि लहान वाक्ये यांच्या साहाय्याने मुलाला अनेकदा सांगावयाचा, अशी ही पद्धत आहे. तिकिटाशिवाय आत जाता येत नसल्यामुळे विमानतळावर तालीम घेणे आपल्याकडे कठीण. पण ती घरात घेता येते. दाराच्या चौकटीतून जाणे, पाटावर हात पसरून उभे राहणे, खेळणे टोपलीत ठेवून ते पलंगाखालून पलीकडे काढणे आणि पुन्हा हाती घेणे, एवढ्या साहित्याने सारा क्रम उभा राहतो. प्रत्येकाची तपासणी होते हे आपल्याकडील वैशिष्ट्य येथे उलट उपकारक ठरते. कारण जे निश्चित घडणार आहे, त्याचाच सराव करता येतो. परतीच्या प्रवासात विमानतळ मोठा आणि गर्दी अधिक असेल, याचीही कल्पना मुलाला आधीच द्यावी.

सवलतींतून सुरक्षेला भगदाड पडेल, अशी शंका काहीजण घेतात. ती निराधार आहे. यंत्र तेच राहते, तपासणीही पूर्ण होते. बदलतो तो केवळ क्रम, जागा आणि वेग. स्पर्श करण्यापूर्वी ‘आता हात लावतो’ एवढे शांतपणे सांगण्यास रक्षकाला काही क्षण पुरतात. उलट, घाबरून पळू पाहणारे मूल आवरण्यात रांगेचा आणि रक्षकाच्या लक्षाचा कितीतरी अधिक अपव्यय होतो. ज्या रक्षकाला समोरची व्यक्ती अशी का वागते हे समजले आहे, तो खऱ्या धोक्याकडे अधिक एकाग्रतेने पाहू शकतो. स्वमग्न प्रवाशाची सोय आणि सर्वांची सुरक्षितता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे विमानतळाच्या कर्मचाऱ्यांनी आणि रांगेत उभ्या असलेल्या सहप्रवाशांनीही समजून घ्यावयास हवे.