पर्जन्यदेशातील द्राक्षासव

जपानी द्राक्षमद्याची कथा सांगताना अलीकडचे आमचे रसज्ञ थेट होक्काइदोच्या थंड उतारावरील पिनो न्वारच्या मळ्यात जाऊन उभे राहतात आणि त्याआधीचे शतक प्रास्ताविकाच्या दोन ओळींत निकालात काढतात. त्यांच्या हिशेबी फ्रेंच वाण नीट पिकला तेव्हाच तेथला इतिहास सुरू झाला. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या नेमके उलट आहे, आणि संपादकांनी ते पूर्वीही सोसलेले आहे.

यामानाशी प्रांतातील कात्सुनुमाच्या दाइझेन-जी मंदिरात भैषज्यगुरु बुद्धाच्या हाती द्राक्षाचा घड आहे, आणि ७१८ साली ग्योकी भिक्षूला झालेल्या दृष्टांताशी कोशू वाणाचा उगम जोडला जातो. आख्यायिका भाविकांकडे सोपवली, तरी या गुलाबी, जाड सालीच्या द्राक्षाच्या वंशात युरोपीय द्राक्षकुळाबरोबर चिनी रानवेलीचेही रक्त आहे, हे जनुकपरीक्षेने सिद्ध झालेले आहे; आणि जूनमध्ये पावसाची झड, तर घड पिकण्याच्या ऐन वेळी तुफाने, अशा मुलखात तो का तगला याचे निदान तिथे सुरू होते. उंच मांडवावर वेल पसरायची, घडागणिक मेणकागदाची टोपी घालायची, ही कात्सुनुमाची रीत. मांडव काय नि केवड्याची धास्ती काय, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला समजावून सांगायला नको.

१८७७ साली याच गावी मद्याची कंपनी निघाली, ताकानो व त्सुचिया हे दोन तरुण विद्येसाठी फ्रान्सला रवाना झाले, १८७९ मध्ये परतले, आणि १८८६ मध्ये कंपनी बुडाली. पुढचा काळ १९०७ च्या ‘अकादामा पोर्ट वाइन’सारख्या गोड पेयांचा, त्यात रेंगाळण्याजोगे काही नाही. दुसऱ्या महायुद्धात आरमाराला पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांसाठी द्राक्षमद्यातून निघणारे टार्टारिक आम्ल हवे होते म्हणून मद्यनिर्मितीला सरकारी उत्तेजन मिळाले, तेव्हा चवीची विचारपूस कोण करणार!

माझा जीव रमतो तो एचिगोच्या हिमप्रदेशातील कावाकामी झेनबेई या जमीनदारापाशी. भातशेतीच्या लहरीवर जगणाऱ्या कुळांना डोंगरउतारावरचे दुसरे पीक मिळावे, एवढ्या हेतूने १८९० साली त्याने घराभोवतीचा वडिलोपार्जित शोभिवंत बगीचा उखडून इवानोहाराची द्राक्षबाग घातली. परदेशी वाण आणवले, ते ओलाव्याने कुजले, तरी खचला नाही. हिवाळ्यातला बर्फ साठवून त्याच्या गारव्याने तळघरातील आंबवण आटोक्यात ठेवले. आणि वतनाची मिळकत या नादापायी झिजत असताना, पन्नाशी उलटल्यावर, १९२२ पासून परागसंकराचे व्रत धरले. दहा हजारांवर संकर, त्यांतून निवडलेले बावीस वाण! टेक्ससच्या मन्सनने सिद्ध केलेल्या ‘बेली’वर ‘मस्कत हँबुर्ग’चा संकर करून १९२७ साली जन्मलेला ‘मस्कत बेली-ए’ हा त्यांतला शिरोमणी. जपानी पावसाला न डगमगणारा, रंगाने गडद, कषायरसाने सौम्य. त्याच्या स्ट्रॉबेरीसारख्या गंधाला नाक मुरडणारे टीकाकार मला ठाऊक आहेत. हलक्या आचेवर भाजलेल्या ओकच्या पिंपात तो संयमाने मुरवला, की हा गंध कसा गंभीर होतो, हे त्यांनी एकदा तरी चाखून पाहावे.

प्रतिपक्षाचे श्रेय मात्र नाकारीत नाही. मद्यकंपनीतले तज्ज्ञ असाई शोगो यांनी १९७६ साली नागानोतील किक्योगाहाराच्या शेतकऱ्यांना काँकॉर्ड सोडून मेर्लोकडे वळवले, आणि १९८५ च्या हंगामाच्या मद्याने ल्युब्ल्यानाच्या मद्यस्पर्धेत महासुवर्णपदक जिंकले, ही कामगिरी असामान्यच. परंतु कोशूचे मद्य यीस्टच्या गाळावर निजवून त्याला अंग आणण्याची कृती त्याच गृहस्थांनी कात्सुनुमातील प्रतिस्पर्धी मद्यशाळांना मोकळेपणी शिकवली, हे त्यांचे आजचे भक्त सोयीने विसरतात! कोशूची २०१० मध्ये आणि ‘मस्कत बेली-ए’ची २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व मद्य संघटनेच्या दप्तरी नोंद झाली, तेव्हा झेनबेईला जाऊन जवळजवळ सात दशके लोटली होती.

परदेशी द्राक्षरसाच्या अर्कात पाणी घालून आंबवलेले मद्य ‘देशी’ म्हणून खपवण्याची चाल कित्येक वर्षे चालू होती. ऑक्टोबर २०१८ पासून ‘जपान वाइन’ ही सनद केवळ तेथे पिकलेल्या द्राक्षांना मिळाली, हे ठीकच झाले. मात्र सनद आली तोवर द्राक्ष दुर्मीळ होत चालले. कात्सुनुमाचा वृद्ध बागायतदार कोशूची वेल काढून बिनबियांचा ‘शाइन मस्कत’ लावतो, कारण खाण्याच्या त्या द्राक्षाला मद्याच्या द्राक्षापेक्षा कैक पट दाम मिळतो; त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मद्यशाळांनाच आता खंडाने जमिनी घेऊन बागा घालाव्या लागतात, आणि २००९ च्या दुरुस्तीने शेतजमीन कायदा त्यांना अनुकूलही झाला आहे. पण त्या नव्या बागांतून हिंडावे, तर ओळीमागून ओळ पुन्हा शार्दोने आणि मेर्लोचीच.